स्टिरिओ कोण लावणार?

घरातला स्टिरिओ काल मोकळा वाजत होता, आज मात्र आवाज कोंदट येतो, ही तक्रार प्रत्येक श्रोत्याने कधी ना कधी केलेली असते. यंत्र तेच, तबकडी तीच, बसण्याची जागाही तीच. मग बदलले काय? यंत्रांचे शौकीन वायरीकडे बोट दाखवतात. आपण साहित्याची मंडळी ‘शेवटी सारे ऐकणाऱ्याच्या मनात असते’ असे म्हणून मोकळे होतो. दोन्ही उत्तरे आळशी आहेत, आणि आपले अधिक.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या सोयगावातली एखादी खोली घ्या. मे महिन्यात तिथे कूलर घरघरत असतो, खिडक्या उघड्या असतात. तानपुऱ्याचा झंकार आणि स्वर विरत जातानाचा शेवट त्या घरघरीत बुडून जातो. वाजतो सगळा, ऐकू येतो अर्धा. जुलैत कूलर बंद होतो, आणि तीच तबकडी ‘सुधारते’. पाहुणे आले, गाद्या पसरल्या, की कापूस आणि माणसे मिळून आवाज शोषून घेतात. हवेचे तापमान 20 अंशांवरून 40 अंशांवर गेले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटरवरून 355 मीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे खोली ज्या खर्जाच्या स्वरांना घुमवते, तेही किंचित सरकतात. दमट हवेचा मात्र फार बाऊ केला जातो. दोन-तीन मीटरच्या अंतरात तिचा परिणाम नगण्य असतो. विजेच्या कमी दाबाचेही तसेच. मोठ्या आवाजात जुना अॅम्प्लिफायर त्याने धापा टाकील, पण हळू आवाजात फरक कळणे कठीण.

याहून मोठा फरक आपल्याच बोटात असतो. आवाज कमी केला की कानाला खर्ज अधिक वेगाने उणा भासतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवले. म्हणून रात्री, शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून लावलेला मृदंग पोकळ वाटतो. सर्दीने कानाला दडे बसलेले असतात; आदल्या दिवशी लग्नाच्या वरातीत ‘डीजे’समोर उभे राहिलेले कान दुसऱ्या दिवशीही काही अंशी बधिर राहू शकतात. मनाचा वाटा यानंतर येतो. तो लहान नाही, पण त्याचे नाव घेण्याआधी कूलर बंद करून पाहावा.

आपल्या संगीतपरंपरेला या अस्थिरतेचे कधी नवल वाटले नाही. मैफल सुरू होण्यापूर्वी तानपुरे जुळवले जातात, मध्येच तबलजी हातोडी उचलतो, जव्हारीचा दोरा किंचित सरकवला जातो. उकाड्यात बासरी चढते हे बासरीवादकाला सांगावे लागत नाही. वाद्य, हवा आणि सभागृह रोज नवे असते आणि रोज नव्याने लावून घ्यावे लागते, हे तिथे गृहीतच असते. ध्वनिमुद्रण आले आणि ‘हे बदलत नाही’ असा समज आपण करून घेतला. किशोरी आमोणकरांचा भूप तबकडीवर एकदाच कोरला गेला हे खरे. पण तो प्रत्येक वेळी एका खोलीत, एका आवाजमर्यादेत आणि एका जोडी कानांत नव्याने वाजतो. ती लावण्याची जबाबदारी गवयाकडून आपल्याकडे आली आहे, आणि आपण ती घेतलेली नाही.

याची किंमत वर्गात मोजावी लागते. कवीने स्वतः म्हटलेल्या कवितेचे ध्वनिमुद्रण लहानशा स्पीकरवर, फिरत्या पंख्यांखाली, साठ मुलांना ऐकवले जाते. मागच्या बाकापर्यंत स्वर पोचतात, पण शब्दांना धार देणारी ‘स’, ‘ष’, ‘त’ ही व्यंजने पोचत नाहीत. मग कोणीतरी लिहितो, ‘कवीचे वाचन सपाट आहे’. पुढच्या दोन बाकांवरची मुले नेमके उलटे लिहितात, आणि आपण त्याला ‘आस्वादातील भिन्नता’ असे भारदस्त नाव देतो! चर्चेपूर्वी पंखे बंद करून, बाके पुढे ओढून, तेच ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा ऐकवावे. त्यानंतरही जे मतभेद उरतील, त्यांच्यावर तास घ्यावा.