मेणाचा खून

दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या महिला मंडळात एक कागद फिरला. खुनाची, मारामारीची कार्टून मुलांना दाखवायची नाहीत, पर्वात नाहीत आणि नंतरही नाहीत, असा ठराव. खाली सह्या. उदाहरण म्हणून 'ग्रॅव्हिटी फॉल्स' या अमेरिकन मालिकेतला 'हेडहंटर्स' हा २०१२चा भाग दिलेला. माझा नातू तोच भाग बघून पोट धरून हसला होता. म्हणून मी त्याच्या शेजारी बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि मग सही केली नाही. का नाही, ते मंडळात कुणी पुरतं बोलू दिलं नाही. इथे सांगते.

खून कुणाचा, ते तरी विचारा! डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडं सुट्टीत आजोबांच्या भावाकडे, स्टॅनकडे, आलेली. त्याच्या घरात मेणाच्या पुतळ्यांचं विसरलेलं दालन सापडतं. मेबल तिथलंच जुनं मेण घेऊन स्वतः स्टॅनचाच पुतळा घडवते. रात्री कुणीतरी त्या पुतळ्याचं मुंडकं उडवतं. बस्स, एवढाच खून. पोलीस हसतात. पण स्टॅन रडतो, पुतळ्याला शवपेटीत ठेवून रीतसर निरोप देतो.

यावर आमच्या एक जाणत्या अक्का म्हणाल्या, "मेणाचा असला म्हणून काय झालं? यशोधर राजानं पिठाचाच कोंबडा मारला होता ना?" बरोबर बोलल्या. जन्न कवीनं १२०९ साली कन्नडात लिहिलेली ती कथा आपल्या भागात कुणाला नवी नाही. पीठ कापलं, पण मनात कोंबडा होता, म्हणून राजाला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी भोगावं लागलं. पण अक्का, मग पुढचं बघा की. शेवटी कळतं, की मुंडकं उडवणारे ते जुने मेणाचे पुतळेच. रात्री जिवंत होणारे. स्टॅननं वर्षानुवर्षं धूळ खात टाकलं म्हणून त्यांना खऱ्या स्टॅनला मारायचं होतं. अंधारात मेणाचा हाती लागला. कापलं मेण, मनात माणूस! आपल्या कथेतला संकल्पच हा. तो समजावायला असं उदाहरण हाती आलं असताना आपण टीव्ही बंद करायला निघालो.

आणि तपास कसा होतो? कुऱ्हाड सापडते. पहिला संशय एका दांडगट लाकूडतोड्यावर. पण कुऱ्हाड डावखुऱ्याची आणि तो उजव्या हाताचा, म्हणून पोरं त्याला सोडून देतात. मग एका बातमीदारावर पोलीस घेऊन जातात. त्या वेळी तो दुसरीकडे होता याचं चित्रणच निघतं. पोरं तोंडावर पडतात. चुकलं ते सगळ्यांसमोर चुकलं.

इथे मला माझीच वाटी आठवली. चांदीची. दिसेना, तेव्हा मी भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारलं, "तू तर नाही ना नेलीस?" ना पुरावा, ना विचार. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. चार दिवसांनी वाटी अभिषेकाच्या ताटाखाली मिळाली. मीच ठेवली होती. त्या दिवशी मी कुणाचं मुंडकं उडवलं, ते कुठल्या प्रतिक्रमणात मांडू? आणि तिच्या घरी जाऊन चूक कबूल करायला मला आठ दिवस लागले.

या भागात खटकण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणत नाही. त्या बातमीदाराची एकट्यातली लाजिरवाणी गोष्ट उघडी पडते आणि आपल्याला हसवलं जातं, ते मला आवडलं नाही. शेवटी बोलते-चालते पुतळे मुलंच वितळवतात, त्यांच्यासाठी कुणी शवपेटी आणत नाही. मी नातवाला विचारलं, "त्यांच्यासाठी का रे कुणी रडलं नाही?" तो हसायचा थांबला. थोड्या वेळानं म्हणाला, "आज्जी, त्यांना कुणी सॉरी पण नाही म्हटलं." टीव्ही बंद केला असता तर हे वाक्य मला मिळालं असतं?

शिवाय, सह्या करणाऱ्या किती जणी रात्री जेवणं उरकून सासू सुनेच्या दुधात विष घालते ती मालिका बघतात? तिथे ना कुणी पुरावा शोधत, ना कुणी चूक कबूल करत. मुलं शेजारीच बसलेली असतात.

ठराव करायचाच तर असा करूया: मुलं बघतील ते आपणही शेजारी बसून बघू, आणि संपल्यावर एक तरी प्रश्न विचारू. आणि पुरावा नसताना घरात कुणावरही बोट दाखवणार नाही. आणा तो कागद. त्यावर पहिली सही माझी.