पेरणीनंतर फिरणारी जकात

व्यापार खुला असावा, की जकातीच्या तटाने रक्षिलेला असावा, हा वाद अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जुना आहे. लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या शेतकऱ्याने ते ग्रंथ वाचले नसतील; परंतु त्या वादाचा निकाल तो दर हंगामास आपल्या कापसाच्या व सोयाबीनच्या भावात वाचीत असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार एकदा सुलतानपूरच्या बांधावर उभे राहून करावा, असे आम्हांस वाटते.

वऱ्हाडास हा विषय नवा नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा येथील कापसाचे भाव गगनास भिडले. आणि युद्ध संपताच ते कोसळले. पुढे 1882 साली खुल्या व्यापाराचे तत्त्व सांगून इंग्रज सरकारने विलायती कापडावरील जकात पुरती उठविली. 1894 मध्ये तिजोरीच्या गरजेपायी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानार्थ देशी गिरण्यांच्या मालावरही कर लादण्यात आला. आणि 1896 साली विलायती व देशी गिरणीच्या कापडावर शेकडा साडेतीनचा सारखाच भार ठेवला गेला. तो 1925 साली थांबला. इंग्लंडास मानवलेला सिद्धान्त सर्व देशांस सर्वकाळी लागू पडतोच असे नाही, हे न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 सालीच पुण्यात डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात प्रतिपादिले होते. जकातीची किल्ली कोणाच्या हाती आहे व ती कोणासाठी फिरते, हाच खरा प्रश्न, हे त्या करापासून आपण शिकलो.

आता किल्ली आपल्याच हाती आहे. मग ती फिरते कशी? 2021 च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर एकंदर शेकडा 11 जकात होती. ती गृहीत धरूनच 2025 च्या जूनमध्ये शेतकऱ्याने सरकी लावली. 19 ऑगस्ट रोजी, पीक शेतात उभे असता, ती जकात 30 सप्टेंबरपर्यंत माफ झाली. आणि पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमक्या वेचणीच्या दिवसांपर्यंत, वाढविली गेली. सोयाबीनची कथा निराळी नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये, काढणी तोंडावर असता, 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी मिळाली. 2024 च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शेकडा 20 झाली आणि 2025 च्या मे अखेरीस ती निम्म्यावर आली. उलट बाहेर भाव चांगला असता काय होते? 2010 च्या एप्रिलात आणि 2012 च्या मार्चात कापसाची निर्यातच रोखली गेली! यास खुला व्यापार म्हणावे, तर निर्यातीचे दार बंद. संरक्षण म्हणावे, तर आयातीचे दार उघडे. शेतकऱ्याच्या वाट्यास दोन्ही धोरणांतील तोटा तेवढा येतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे टाकाऊ नाही. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने आपल्या बहुतेक मालावर एकंदर शेकडा 50 पर्यंत जकात लादली. अशा वेळी गिरण्यांस व कापड-व्यवसायातील मजुरांस आधार देणे सरकारचे कर्तव्यच होते. देशास लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. ते महागले तर गरिबाच्या फोडणीस चटका बसतो, हेही खरे. परंतु परराज्याने मारलेल्या तडाख्याची भरपाई कोरडवाहू कापूस-उत्पादकानेच का करावी? गिरणीस मदत द्यावयाची तर ती खजिन्यातून, उघड हिशेबाने द्यावी. दुसऱ्याच्या कोठारातून दानधर्म करू नये.

केवळ जकात वाढविल्याने शेतकरी तरतो, असेही आम्ही म्हणत नाही. 2024 ची वाढ झाल्यावरही सोयाबीन 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. तसेच आयात-निर्यातीतील तूट ही स्वतः रोग नव्हे. बाहेरून यंत्रे आणून देशाची शक्ती वाढत असेल, तर ती सोसावी. पण जे तेलबी आपल्या मातीत पिकते, त्याची लागवड करणारास दरवर्षी अनिश्चिततेत ठेवून परदेशी तेलाची वाट पाहणे, यास दूरदृष्टी म्हणवत नाही.

1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 25 व्या कलमान्वये सरकारास एका अधिसूचनेने जकात माफ करता येते. हा अधिकार आणीबाणीसाठी असावा. तो हंगामी रिवाज होऊ नये. आमची मागणी साधी आहे. कापूस, तेलबिया व खाद्यतेल यांवरील आयात-जकात आणि निर्यातीचे नियम मृग नक्षत्रापूर्वी जाहीर व्हावेत व पीक विकले जाईपर्यंत ते बदलू नयेत. बदल अपरिहार्यच झाला, तर त्याची कारणे संसदेपुढे मांडावीत आणि भाव पडल्यास हमीभावाने खरेदी करण्याची जबाबदारी सरकारने त्याच आदेशात पत्करावी.

संरक्षणवाद्यांस ही मागणी मान्य व्हावी. आणि शेतमालास खुली बाजारपेठ मिळावी म्हणून झगडलेल्या शरद जोशी यांच्या अनुयायांसही ती अमान्य होण्याचे कारण नाही. पाऊस केव्हा दगा देईल, हे शेतकऱ्यास कोणी सांगू शकत नाही. जकात केव्हा बदलेल, एवढे तरी सरकारने त्यास पेरणीपूर्वी सांगितलेच पाहिजे.