बहिर्जीच्या तोंडी वऱ्हाडी का नको?

बहिर्जी नाईकांची भूमिका कोणी करावयास हवी होती, हा वाद मराठीत अधूनमधून उफाळून येतो. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’मध्ये (२०१८) प्रसाद ओक बहिर्जी झाले, पुढे हरीश दुधाडे झाले, आणि प्रत्येक वेळी रसिकांनी आपापल्या पसंतीच्या नटांची यादी पुढे केली. कुणाला नजर भेदक हवी, कुणाला बांधा चपळ, कुणाला दाढी लावल्यावर फकीर आणि काढल्यावर सरदार दिसेल असा चेहरा. या याद्या आम्ही आवडीने वाचतो. त्यांत एक गोष्ट मात्र आम्हाला आजवर आढळलेली नाही. या नटाला किती बोली येतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. हेराच्या भूमिकेसाठी नट निवडताना जिभेचा विचार न करणे म्हणजे पखवाजी निवडताना केवळ त्याची मांडी पाहणे होय.

बहिर्जींविषयी विश्वसनीय म्हणावी अशी माहिती थोडी आहे. सभासदाच्या बखरीत ते जासुदांचे प्रमुख म्हणून येतात. सुरतेच्या संपत्तीची बातमी त्यांनी आणली आणि १६७९ साली जालन्याच्या स्वारीनंतर मोगलांनी वाट अडविली असता आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचविले, एवढे त्यातून कळते. बाकीचे बहुरूपीपण परंपरेने आणि कादंबरीकारांनी पुरविले आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. लोकांना जो हेर हवा तो लोक घडवितात. पण हे बहुरूपीपण आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत पोशाखाच्या पेटीपलीकडे जात नाही. वासुदेवाची टोपी चढते, फकिराची कफनी चढते, जोगत्याचा भंडारा कपाळी लागतो आणि तोंडातून निघते ती तीच एक, चित्रपटांसाठी तयार केलेली ‘ऐतिहासिक’ मराठी. ती ना मावळातली, ना देशावरची, ना बागलाणातली. सुरतेच्या बाजारात किंवा बऱ्हाणपुराच्या सरायीत असा हेर पहिल्या वाक्याला धरला गेला असता.

हे सारे आम्हा वऱ्हाडच्या मंडळींनाच का टोचावे, असे कोणी विचारील. त्याला एक ऐतिहासिक कारण आहे आणि ते कारंजा गावाचे आहे. हे कारंजा, म्हणजे कारंजा लाड, आज वाशीम जिल्ह्यात असले तरी १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. सतराव्या शतकात ते वऱ्हाडातल्या धनाढ्य पेठांपैकी एक होते. तिथल्या सावकारांची आणि जैन मंदिरांची कीर्ती दूरवर होती. ऑक्टोबर १६७०मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. त्यानंतर डिसेंबरच्या सुमारास मराठ्यांची फौज खानदेशातून, बऱ्हाणपुराच्या अगदी कडेने वऱ्हाडात उतरली आणि कारंज्यावर अचानक कोसळली. यदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकीकतीनुसार सोने, चांदी आणि उंची वस्त्रे मिळून कोटी रुपयांची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आली. गावचे धनिक ओलीस म्हणून नेले. सुटले ते फक्त बायकांच्या वेषात पळून गेलेले.

या शेवटच्या तपशिलावर वाचकांनी क्षणभर थांबावे. शिवाजी महाराजांच्या फौजेत स्त्रियांना हात लावावयाचा नाही अशी सक्त ताकीद होती आणि ती कारंज्याच्या सावकारांना ठाऊक होती! म्हणजे बातमी दोन्ही बाजूंनी वाहत होती. मराठ्यांना सावकारांच्या तळघरांची माहिती होती, सावकारांना मराठ्यांच्या शिस्तीची. स्वराज्याच्या सीमेपासून इतक्या दूर, मोगलांच्या ऐन मुलखात, कोणत्या पेठेत काय आहे, बैल कुठे मिळतील, कोणत्या घाटाने परतावे, हे सारे आधी ठाऊक असल्यावाचून अशी स्वारी होत नाही. ते ठाऊक करून घेणारी माणसे आठवड्याच्या बाजारात महिनोन्महिने हिंडली असणार, आणि ती इथल्यासारखी बोलत असणार. इथलीच असतील, हेही संभवते. सतराव्या शतकातली वऱ्हाडी आजच्यासारखीच होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु परक्या उच्चाराचा माणूस बाजारात लपत नाही, हा नियम तेव्हाही असाच होता. ‘का’ म्हणणारा आणि ‘काहून’ म्हणणारा, ‘मला’ म्हणणारा आणि ‘मले’ म्हणणारा, ‘डोळा’ म्हणणारा आणि ‘डोया’ म्हणणारा, यांतला कोण पाहुणा हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगते. सुरतेवर चित्रपट निघतात, शास्ताखानाच्या बोटांवर निघतात. हेरगिरी, वेषांतर, सावकारी आणि चार हजार जनावरांचा तांडा एका प्रसंगात मिळूनही कारंज्याकडे कोणी वळत नाही, कारण वऱ्हाडात इतिहास घडतो असे कोणाला वाटतच नाही. वऱ्हाडात विनोद घडतो.

हाच आमच्या रागाचा मूळ विषय आहे. मराठी पडद्यावर वऱ्हाडीला दिलेले काम ठरलेले आहे: हसविणे. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी दूरचित्रवाणीवर ही बोली घराघरांत नेली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे, आणि त्यांचा विनोद पुष्कळदा त्या कार्यक्रमाच्या लायकीपेक्षा वरचा असे. पण ‘बाप्पा’ हा शब्द उच्चारताच प्रेक्षकांनी हसावे, वाक्य पुरे होण्याचीही वाट पाहू नये, ही अवस्था नटाला मानवणारी नाही. (अनेकांचा वऱ्हाडशी परिचय ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगावरून झालेला असतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या त्या अद्भुत एकपात्रीतले वऱ्हाड लग्नाचे होते आणि बोली मराठवाड्याची, हे आम्ही किती वेळा सांगितले असेल त्याची गणती नाही.)

उलट, वऱ्हाडातले थोर माणूस पडद्यावर आणावयाचे झाले की नट बाहेरून येतो. ‘देवकीनंदन गोपाला’मध्ये (१९७७) अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा डॉ. श्रीराम लागू झाले, ‘डेबू’मध्ये (२०१०) मोहन जोशी झाले. येथे गैरसमज नको. डॉ. लागूंचे गाडगेबाबा आम्हाला मान्य आहेत, नव्हे प्रिय आहेत. सातारकडचा माणूस बाबांचा झाडू हाती घेऊन उभा राहिला तेव्हा तो परका वाटला नाही. वऱ्हाडी भूमिका वऱ्हाडी नटानेच करावी असला हट्ट कलेला मारक आहे. तो आम्ही धरीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ही वाट दोन्ही दिशांनी चालती असावी. सातारकर वऱ्हाडचा संत होऊ शकतो, तर वऱ्हाडकर मावळचा हेर का होऊ शकत नाही? एका बाजूच्या प्रवासाला ‘अभिनय’ म्हणावयाचे आणि दुसऱ्या बाजूच्या प्रवासाला ‘उच्चारदोष’, हा न्याय कुठला?

यावर ठरलेला प्रतिवाद असा की प्रेक्षक स्वीकारणार नाहीत. ज्याला पाहून हसावयाची सवय आहे त्याला नायक म्हणून कोण पाहणार? जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पडद्यावरच्या हेराची कथा या आक्षेपाला पुरेसे उत्तर देते. जेम्स बाँडसाठी केरी ग्रँट, डेव्हिड निव्हन अशी घरंदाज नावे चर्चेत होती. भूमिका गेली शॉन कॉनरीकडे: एडिंबरोच्या कामगार वस्तीत वाढलेला, दूध वाटण्यापासून सुरुवात केलेला, स्कॉटिश वळणाची जीभ असलेला माणूस. खुद्द लेखक इयन फ्लेमिंग यांना तो आरंभी पसंत नव्हता. ‘डॉ. नो’ (१९६२) आला, आणि दोनच वर्षांनी, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या कादंबरीत (१९६४), फ्लेमिंग यांनी बाँडला स्कॉटिश वडील देऊन टाकले. बोली नटाने बदलली नाही. पात्राने आपली वंशावळ बदलली.

विनोदी नटाविषयीच्या शंकेलाही असेच उत्तर आहे. जॉन ल कारेच्या जॉर्ज स्मायलीला १९७९च्या मालिकेत अविस्मरणीय केले ते अ‍ॅलेक गिनेस यांनी. हे तेच गिनेस, ज्यांनी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या विनोदपटात एकट्याने एकाच घराण्यातली आठ पात्रे वठविली होती. आठ जणांत आठ वेळा हरवून जाणारा नट हेर म्हणून शोभला, यात आश्चर्य कसले? ज्याच्याकडे पाहून लोक हसतात त्याचा संशय कोणी घेत नाही. बाजारात बसलेला, चुन्याची डबी उघडून दोन शिव्या हासडणारा, भाव विचारता विचारता पेठेचे दरवाजे मोजणारा बहिर्जी डोळ्यांसमोर आणावा, आणि मग भेदक नजरेच्या, पिळदार बांध्याच्या उमेदवारांची यादी पुन्हा वाचावी. इतका उठून दिसणारा माणूस हेर म्हणून दुसऱ्याच दिवशी फासावर गेला असता. (बांधाच हवा असेल तर अमरावतीत त्याचीही वाण नाही. १९१४मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मल्ल १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे प्रात्यक्षिके करून आले आहेत.)

मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांना एवढे बोल लावल्यावर घरातले बोलणे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वऱ्हाडीला हास्याच्या कोपऱ्यात बसविण्याचे निम्मे काम आपणच केले आहे. आमच्याकडच्या स्नेहसंमेलनांतली एकांकिका पाहावी. जिल्हाधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतात. शिपाई, दारुडा आणि हमखास भांडणारी सासू वऱ्हाडीत. ही संहिता लिहिणारे विद्यार्थी वऱ्हाडी, बसविणारे शिक्षक वऱ्हाडी, टाळ्या वाजविणारे पालक वऱ्हाडी. वक्तृत्वस्पर्धेच्या तयारीत ‘ळ’ घोटून घेणारे आपण, आणि हेच विद्यार्थी मुंबईत निवडचाचणीला उभे राहिले की त्यांना विनोदी भूमिकाच का मिळतात म्हणून हळहळणारेही आपणच. दुसरी बोली शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. हेराला तर अनेक हव्यात. पण पहिली पुसून दुसरी गिरविलेला नट हा एकाच बोलीचा नट राहतो.

साहित्याच्या वर्गात तरी हा गोंधळ असावयास नको. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची. कौतिकचे दुःख वऱ्हाडीत वाचताना कोणा वाचकाला हसू आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. बोली शोकांतिका पेलते का, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला होता. (साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाजलेला ‘धग’ हा चित्रपट या कादंबरीवरचा नव्हे, परीक्षेत तसे लिहिणाऱ्यांसाठी ही सूचना.) त्याहून मागे जावयाचे तर मराठी गद्याचा आद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकारास आला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत दडविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडून दाखवीपर्यंत पंथाबाहेरच्या जगाला त्यांतले अक्षर लागले नाही. शतकानुशतके संकेतलेखन सांभाळणारी ही परंपरा, आणि तिच्या मुलखातल्या माणसाला हेराच्या भूमिकेसाठी कोणी विचारीत नाही!

तेव्हा आमचा उमेदवार आम्ही सांगून टाकतो. भारत गणेशपुरे. हे वाचून ज्यांना हसू आले त्यांनी ते का आले हे स्वतःला विचारावे. ऐन उमेदीत हा माणूस बहिर्जी झाला असता तर त्याला दाढीही लावावी लागली नसती. आता वय आडवे येत असेल तर अकोला-अमरावतीच्या रंगमंचावर दंडारीपासून एकांकिकेपर्यंत उभी राहणारी तरुण मुले आहेत. निर्मात्यांनी त्यांना घोड्यावर बसता येते का हे मागाहून पाहावे; आधी कारंज्याच्या बाजारात उभे करावे, हाती सरकीची पिशवी द्यावी आणि सावकाराच्या दिवाणजीशी पाच मिनिटे बोलू द्यावे. दिवाणजीला संशय आला नाही, तर नट मिळाला.