फलकावरची वेळ

माझ्या दवाखान्याच्या दारावर एक फलक आहे. त्यावर सकाळच्या तपासणीची वेळ अनेक वर्षे '१० ते १' अशी लिहिलेली होती. मी मात्र अकराच्या आत क्वचितच पोहोचत असे. रुग्णालयात दाखल असलेल्यांना पाहून यायचे, वाटेत एखादी घरभेट, मग वाहतूक. कारणे खरी होती, म्हणून मला त्यांत काही वावगे वाटत नसे. शिवाय उशिरा येणारा डॉक्टर तो मोठा डॉक्टर, अशी एक समजूत आपल्याकडे आहेच, आणि ती मनाला सुखावतेही.

एके दिवशी सव्वा वाजता कंपाउंडर धावत आत आला. बाहेरच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका घामाने डबडबल्या होत्या, हात थरथरत होते, बोलण्यात असंबद्धता होती. बोटाच्या थेंबावर साखर मोजली, ती ५२ भरली. पाण्यात साखर विरघळवून दिली, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. मधुमेहाची सकाळची गोळी त्यांनी आठच्या न्याहारीबरोबर नेमाने घेतली होती. साडेबाराचे जेवण मात्र माझ्या बाकावर राहून गेले होते. "बाई, उठून काही खाऊन का नाही आलात?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दहाची वेळ होती. केव्हाही नाव पुकारले जाईल, म्हणून उठले नाही."

वाचकहो, ज्यांनी सारी नोकरी शाळेच्या पहिल्या घंटेआधी हजर राहून केली, त्यांना हे उत्तर देताना माझ्यावर ठपका ठेवायचा नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पुढचे जेवण पोटात गेले की नाही, याची वाट त्या पाहत नाहीत. जेवण लांबले की रक्तातील साखर उतरते. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड आणि गोंधळलेपण दिसू लागते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, साखर वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा सावरलेला रुग्ण पुन्हा खाली जाऊ शकतो. बाईंना मी संध्याकाळपर्यंत एकटे राहू दिले नाही.

उशीर करणाऱ्याला त्याची किंमत सहसा मोजावी लागत नाही. ती दुसऱ्याच्या शरीरातून वसूल होते. माझ्याकडे येणाऱ्या एक परिचारिका रात्रपाळी करतात. सकाळची सहकारी येऊन रुग्णांची माहिती ताब्यात घेईपर्यंत त्यांना वॉर्ड सोडता येत नाही. सहकारी पाऊण तास उशिरा आली, की यांची न्याहारी, रक्तदाबाची गोळी आणि झोप, तिन्ही पुढे ढकलली जातात. पाळीवरच्या पहारेकऱ्याचे किंवा बसवाहकाचेही तेच. (याचा अर्थ धापा टाकत धावावे असा नव्हे. धावत आलेल्याचा रक्तदाब मोजण्यापूर्वी त्याला मी पाच मिनिटे स्वस्थ बसवतो, एरवी आकडा खोटा येतो.)

मी स्वतःत काय बदल केला? आधी आठवडाभर निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा लिहून ठेवल्या. तेव्हा कळले, की माझा हिशेब नेहमी सर्वांत सुरळीत दिवसाचा असे, आणि असा दिवस त्या आठवड्यात एकही नव्हता. घरभेटी दुपारनंतर ठेवल्या. एवढ्यानेही दहा साधेनात, तेव्हा रंगाऱ्याला बोलावून फलकावर '१०.३०' लिहून घेतले. काहींना ही माघार वाटली. मला तरी पाळता येणारी वेळ लिहिणे अधिक प्रामाणिक वाटते. तातडीचा रुग्ण आला तर उशीर आजही होतो. तेव्हा कंपाउंडर बाहेर अंदाजे वेळ सांगतो, मधुमेही रुग्णांना खाऊन यायला सांगतो आणि त्यांचा नंबर राखून ठेवतो.

आपणही डॉक्टरांकडे निघताना फोन करून विचारा, जवळ खाण्याचे काही ठेवा, आणि जेवणाची वेळ टळत असेल तर संकोच न करता तसे सांगा.

बाई अजूनही दर महिन्याला येतात. गेल्या खेपेला मला वीस मिनिटे उशीर झाला. दार उघडले तेव्हा त्या बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी शांतपणे खात होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तुम्ही आत चला, माझे दोन घास राहिलेत."