पाचवीला पुजलेले, की घराने दिलेले?

कराडजवळच्या एका गावात बैठक संपता संपता एक आई थांबली. तिची लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसरीही मुलगीच झाली. पाचवीला सासरहून कोणी फिरकले नाही, बारशाचा तर विषयच नाही. लेक धड जेवत नाही, झोपत नाही, बाळ रडले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे लागले आहे, देवरुष्याकडे न्या. दवाखान्यात टाके पाहिले, रक्त तपासले आणि घरी पाठवले. आईचा प्रश्न साधा होता : "सगळं ठीक हाय म्हंत्यात, मग पोरगी अशी का करतीया?"

देवरुषी म्हणतो बाधा. सासर म्हणते नखरे. शिकलेले लोक म्हणतात, बाळंतपणात संप्रेरके बदलतात, होते असे. तीन उत्तरे वेगळी वाटतात, पण तिन्हींत दोष बाईच्या आत कुठेतरी आहे आणि घर नामानिराळे आहे. मन आणि मेंदू यांवर गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन मात्र वेगळे सांगते. ते आपण वाचले पाहिजे, कारण ते आपल्या बाजूचे आहे.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांची नोंद करून बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस केली. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आयांना नैराश्याने गाठलेले होते. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. कारणे कोणती निघाली? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि जन्मलेले मूल मुलगी असणे. जिथे आधीच उपासमार किंवा मारहाण होती, तिथे मुलगी झाल्यावर धोका आणखी वाढला. त्याच वर्षी तामिळनाडूच्या ग्रामीण भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही हेच दिसले : कमी उत्पन्न, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी न पटणे, हाताखाली कोणी नसणे.

संप्रेरके तर प्रत्येक बाळंतिणीची बदलतात. मग मुलगा झालेलीपेक्षा मुलगी झालेली जास्त का खचावी? संप्रेरकांना मुलगा-मुलगी कळत नाही. ते घराला कळते.

मेंदूचेही पाहू. २०१६ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी पहिलटकरणींच्या मेंदूची गरोदरपणापूर्वी आणि नंतर चित्रे घेतली. माणसे ओळखणे, दुसऱ्याच्या मनातले जाणणे या कामांशी निगडित भागांतला करडा भाग कमी झालेला आढळला, आणि दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. ‘गरोदर बाईचा मेंदू आकसतो’ असे कोणी म्हणाले, की हसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतील. पण त्या बायकांची स्मरणशक्ती कमी झाली नव्हती. उलट ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी ओढ जास्त, असे दिसले. म्हणजे मेंदू बिघडत नाही, तो नव्याने घडत असतो. अभ्यास मोजक्या युरोपीय बायकांचा होता, त्यावर मोठाले इमले बांधू नयेत. पण एवढे नक्की, की घडण्याच्या ज्या काळात तिला सर्वांत जास्त आधार हवा, त्याच काळात आपल्याकडे मुलीच्या आईला टोमणे मिळतात.

"मग मूल सांभाळायची घडणच बाईची आहे, नाही का?" असे विचारणारे लगेच उभे राहतील. त्यांच्यासाठी इस्राएलमधला २०१४ सालचा अभ्यास आहे. ज्या घरांत आई नव्हती आणि बापच मूल वाढवत होते, त्या बापांच्या मेंदूत बाळाच्या काळजीने जागा होणारा भाग आयांसारखाच जागा होत होता. मेंदू बाईचा की पुरुषाचा एवढ्याने सगळे ठरत नाही. बाळाला रात्री कोण उचलते, यानेही बरेच ठरते.

आपल्या जिल्ह्यात हे सांगणे जास्त गरजेचे आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात ‘नकुशी’, ‘नकुसा’ अशी नावे असलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. चांगले झाले. पण ते नाव ठेवले गेले, त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत पडलेल्या आईला कोणी विचारले होते का? मुलीला नकुशी म्हणताना घर आईलाही नकोशी म्हणतच होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरी २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये गर्भपात करताना एक विवाहिता मेली आणि पुरलेले १९ भ्रूण सापडले. एवढी भीती ज्या समाजात आहे, तिथे दुसऱ्या मुलीची आई गप्प पडून राहिली, तर तिला बाधा झाली म्हणायचे की समाजाला?

आता करायचे काय? पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावच्याच आरोग्यसेविकांना साधे प्रशिक्षण दिले. त्या घरी जाऊन खचलेल्या आयांशी बोलत, घरच्यांनाही त्यात घेत. २००८ साली निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी त्यांच्या गटात २३ टक्के आया नैराश्यात राहिल्या, नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के.

आपल्याकडे आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येतात, शेवटची भेट ४२ व्या दिवशी. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. त्याच भेटीत आईला विचारा : झोप लागते का, रडू येते का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, घरात कोणी मारते का? मात्र हे काम आशांच्या माथी फुकट मारू नका. प्रशिक्षण द्या, मोबदला द्या, आणि पाठवायला तालुक्याला मनाचा डॉक्टर द्या. या मागणीसाठी आपण आशांच्या बरोबर उभे राहायला हवे.

आपल्या गटांनीही पाचवीला, बारशाला जावे, मुलगी झालेल्या घरी आधी जावे. बाळाकडे पाहायच्या आधी आईशेजारी बसावे. भास होणे, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे दिसले, तर देवरुषी नाही आणि समजूतही पुरेशी नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. औषध घेण्यात कमीपणा नाही. पण गोळी बाईने गिळायची आणि घराने तसेच वागायचे, हा उपचार नव्हे.

पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते, असे आपण ऐकत आलो. त्या मायमाऊलीला आता सांगायला हवे : सटवाईने काही लिहिलेले नाही. लेकीच्या मनावर जे लिहिले गेले, ते तिच्या घराने लिहिले. माणसांनी लिहिलेले असेल, तर ते पुसताही येते. पुढच्या बैठकीला लेकीला आणि नातीला घेऊन ये. आणि जावयालाही.