धूर चंद्रपुरास, मोटारी मुंबईस

सरकार जेव्हा मोटार विकत घेते, तेव्हा ते केवळ एक वाहन घेत नाही. पुढील पंधरा वर्षे कोणी कोणता धूर सोसावयाचा, याचाही निवाडा ते त्याच दिवशी करीत असते. पंधरा वर्षे म्हणण्यास आधार आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. जुन्या जीपगाड्या भंगारात निघाल्या की त्यांच्या जागी नव्या घेणे प्राप्तच आहे. त्या कोणत्या घ्यावयाच्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ भांडारपालाचा राहिलेला नाही. तो सार्वजनिक नीतीचा झाला आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत संकल्प केलाच नाही, असे कोणी म्हणणार नाही. जुलै २०२१ मध्ये राज्याने आपले विद्युत वाहन धोरण जाहीर केले, आणि सरकारने व नागरी स्वराज्य संस्थांनी यापुढे विजेवरचीच वाहने खरेदी करावीत वा भाड्याने घ्यावीत, हा निर्णय एप्रिल २०२२ ऐवजी १ जानेवारी २०२२ पासूनच अमलात आणण्याची घोषणा झाली. हा उत्साह स्तुत्यच होता. परंतु त्याच धोरणात सार्वजनिक वाहतुकीच्या विद्युतीकरणासाठी जी सहा नागरी क्षेत्रे निवडली गेली, ती बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि अमरावती ही होत. त्यांत चंद्रपूरचे नाव नव्हते.

ही केवळ अनवधानाची गोष्ट मानून सोडून देता येत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला होता. येथे कोळसा जळतो आणि वीज राज्यभर जाते. त्या विजेवर मुंबईच्या साहेबांची मोटार निःशब्द धावते, आणि राखेची धनी मात्र चंद्रपूरची जनता होते! माणिकगडच्या डोंगरावरील जिवती तालुका तर आणखी दूरचा. कोलाम आणि गोंड बांधवांच्या या मुलखात सरकार पोहोचते ते एस. टी., रुग्णवाहिका, तहसीलची जीप आणि वनखात्याची गाडी यांच्या रूपाने. सरकारी वाहनाची गुणवत्ता कोठे कसास लागत असेल, तर ती अशा घाटात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. वीजच जर कोळशाची, तर विजेच्या मोटारीने साधले काय? हिशेबच करून पाहू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. आपल्या देशातील एक युनिट विजेमागे सुमारे पाऊण किलो. लिटरला बारा किलोमीटर जाणारी जीप दहा किलोमीटरला सव्वादोन किलो वायू सोडते. युनिटला सहा किलोमीटर जाणारी विजेची मोटार तेवढ्याच अंतराला सव्वा किलो. लाभ आहे, परंतु तो निम्म्याच्या आसपासचा आहे. म्हणून खरेदीबरोबर सौरविजेची जोड हवी. विदर्भातल्या उन्हाला तोटा नाही, आणि कचेऱ्यांची छपरे रिकामी आहेत.

केवळ हुकूम सोडून हे काम होत नाही, याचा धडा देशाने घेतला आहे. केंद्राच्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ने २०१७ साली सरकारी कचेऱ्यांसाठी दहा हजार विद्युत मोटारींची योजना आखली, पण एका चार्जिंगमध्ये त्या शंभर किलोमीटरही नीट जात नाहीत, अशी तक्रार करून अधिकारी त्या वापरण्यास नकार देऊ लागल्याचे वृत्त पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झाले. जिवतीहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परतावयाचे तर शंभरावर किलोमीटर सहज होतात. वाटेत चार्जिंगची सोय नसेल, तर अशी मोटार तहसीलच्या आवारात शोभेची वस्तू होऊन बसेल, आणि जुनी डिझेल जीप पुन्हा बाहेर निघेल.

खरी मेख आहे ती आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीत. मोटार खरेदीचे पैसे एका शीर्षाखाली पडतात, इंधनाचे दुसऱ्या. त्यामुळे निविदा उघडताना सर्वांत स्वस्त मोटार घेणारा अधिकारी दक्ष ठरतो, आणि पुढील पंधरा वर्षे ती किती डिझेल पिते, हे त्यास कोणी विचारीत नाही. युरोपीय संघाने २००९ साली निर्देश काढून सार्वजनिक संस्थांना वाहन घेताना त्याच्या आयुष्यभराचे इंधन व प्रदूषण विचारात घेणे बंधनकारक केले. आपल्या घरातील गृहिणीही भांडे घेताना ते किती वर्षे टिकेल हे पाहते. सरकारने तेवढे तरी व्यवहारज्ञान दाखवू नये काय?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. निविदेत खरेदीची किंमत आणि आयुष्यभराचा खर्च एकत्र मोजावा. जेथे मोटार द्यावयाची, तेथे चार्जिंगची सोय आधी व्हावी, राजुऱ्याच्या एस. टी. आगारापासून जिवतीच्या तहसीलपर्यंत ती साखळी जुळावी. साहेबांच्या मोटारींच्या आधी सामान्यांच्या बसगाड्यांचा विचार व्हावा, कारण एक बस अनेक मोटारींचे काम करते. रुग्णवाहिकेवर मात्र प्रयोग नको. घाटात तिची पुरती परीक्षा झाल्याखेरीज रुग्णाचे प्राण तिच्या हवाली करू नयेत. आणि सर्वांत स्वच्छ मोटार ती, जी घेण्याची गरजच पडली नाही, हेही खातेप्रमुखांनी ध्यानात ठेवावे.

ज्या जिल्ह्याने राज्याला प्रकाश दिला, त्याच्या वाट्यास केवळ काजळी यावी, हा न्याय नव्हे. स्वच्छ वाहनांच्या यादीत पहिले नाव चंद्रपूरचे असावयास हवे होते. ती चूक पुढील खरेदीच्या वेळी तरी सुधारली जावी.