‘चान्स’ मोजणाऱ्यांनो, आधी तराजू दाखवा

परदेशी विद्यापीठात अर्ज करू पाहणाऱ्या आपल्या पोरापोरींना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘प्रोफाइल’चा. टक्केवारी, जीआरई, आयईएलटीएस, शोधनिबंध, इंटर्नशिप, शिफारसपत्रे. त्यावरून सल्लागार विद्यापीठांचे तीन कप्पे पाडतो: ‘अ‍ॅम्बिशस’, ‘मॉडरेट’, ‘सेफ’. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘शेतमजूर’ वाचल्यावर एका सल्लागाराने पहिला कप्पा रिकामाच ठेवला होता.

याला ते गुणवत्तेचे मोजमाप म्हणतात. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी याला जातीने दिलेल्या भांडवलाची मोजदाद म्हणते. बिनपगारी इंटर्नशिप परवडते कोणाला? ज्याचे घर मुंबई-दिल्लीत आहे त्याला. मनापासून लिहिलेले शिफारसपत्र कोणाला मिळते? ज्याची प्राध्यापकांच्या घरी ऊठबस आहे त्याला. आपल्याला सांगतात, ‘तूच लिहून आण, सही करतो.’ एकट्या जीआरईची फी वीस हजारांवर आहे. पहिल्यांदा गुण कमी पडले, तर दुसरा प्रयत्न कोणाच्या मजुरीतून द्यायचा?

आता बाबासाहेबांना या तराजूत घाला. १९०७ ची मॅट्रिक, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या सल्लागाराने कोलंबियाचे नाव त्यांच्या यादीत येऊच दिले नसते. १९१३ मध्ये ते तिथे पोहोचले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. मे १९१६ मध्ये तिथल्याच गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यांची बुद्धी असामान्य होती यात वाद नाही. पण बोटीचे तिकीट नुसत्या बुद्धीवर मिळत नाही. कोणाला किती चान्स हे धोरण ठरवते.

आजचे धोरण पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी साऱ्या देशात मिळून वर्षाला ११५ जागा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या होती वीस कोटींवर. त्यात २०२२ मध्ये सरकारने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे बाबासाहेबांनी कोलंबियात मांडला तोच विषय घेऊन आज कोणी निघाले, तर विद्यापीठ दार उघडेल आणि आपलेच सरकार हात आखडता घेईल. यात विद्यार्थ्याची ‘प्रोफाइल’ कुठे कमी पडली?

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, अ‍ॅक्सेप्टन्स रेट बघून खचू नका. तो सगळ्या गर्दीचा आकडा आहे. पीएचडीला विभाग तुमचा संशोधनप्रश्न बघतो, तो तिथल्या प्राध्यापकांच्या कामाशी जुळतो का ते बघतो, तुमचा लेखननमुना वाचतो. अनेक अमेरिकी विद्यापीठे अर्जाची फी माफ करतात, पण ती माफी मागावी लागते. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत पीएचडीला बहुधा शिक्षणशुल्क माफ असते, वर विद्यावेतनही मिळते. ज्यांचे काका न्यू जर्सीत आहेत त्यांना हे घरबसल्या कळते. आपल्याला ते एकमेकांना सांगावे लागेल. जो पोहोचला त्याने आपला अर्ज मागच्याच्या हाती द्यावा लागेल.

सरकारकडे मागणी सरळ आहे: जागा वाढवा, विषयबंदी उठवा. आणि तुम्ही अर्ज करा. नकार द्यायचाच असेल तर तो विद्यापीठाने द्यावा. तो अधिकार सल्लागाराला कोणी दिलेला नाही.